फ्रिहोलेस रेफ्रितोस घरच्या घरी: भिजवण्यापासून कढईपर्यंत

मेक्सिकन जेवणात ताटाच्या कडेला तपकिरी, मऊ, वर थोडं चीज भुरभुरलेलं जे असतं ते फ्रिहोलेस रेफ्रितोस. इंग्रजी मेन्यूकार्डावर त्यालाच रिफ्राइड बीन्स म्हणतात. कृती दोन ओळींची: राजमा मऊ शिजवायचा, मग चरबीत किंवा तेलात घालून ठेचत ठेचत त्याच्याच पाण्यात आटवायचा. मसाला जवळजवळ नसतोच, त्यामुळे मसाल्याखाली काही झाकलंही जात नाही. दाणा अर्धवट शिजलेला असेल, शिजवलेलं पाणी मोरीत गेलं असेल किंवा तेल घालताना हात आखडला असेल, तर पहिल्या घासाला कळतं. नवखी मंडळी सगळं लक्ष कढईकडे देतात, पण निम्म्याहून जास्त पदार्थ कुकरमध्येच ठरतो. म्हणून इथेही निम्मा मजकूर कुकरचाच आहे.

खालची मापं चार-पाच जणांना तोंडीलावणं म्हणून पुरतील अशी, साधारण ३ कप तयार पदार्थाची आहेत. कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. लागेल ते असं: कोरडा राजमा २५० ग्रॅम (सुमारे सव्वा कप), मध्यम कांदे २, लसणाच्या पाकळ्या ३, सुक्या लाल मिरच्या १ किंवा २, डुकराची चरबी किंवा तेल ४ मोठे चमचे, मीठ आणि पाणी. मेक्सिकोत पांढरा कांदा वापरतात. हंगामात अलिबागचा मिळाला तर उत्तम, नाहीतर रोजचा लाल कांदा चालतो.

राजमा कुठला घ्यायचा

मेक्सिकोत याचं उत्तर प्रदेशागणिक बदलतं. उत्तरेकडे पिंटो आणि बायो, पश्चिमेला हालिस्कोच्या बाजूला फिकट पिवळा पेरुआनो, तर व्हेराक्रूझ, ओआहाका, युकातान या दक्षिणेच्या पट्ट्यात काळा. अमेरिकेतल्या हॉटेलांत बहुतेक वेळा पिंटो मिळतो, म्हणून आपल्याकडे तीच चव डोक्यात बसलेली असते. हे सगळे दाणे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीचे, म्हणजे आपल्या राजम्याचेच. ही जात मुळात अमेरिका खंडातली. मेक्सिकोत युरोपियन येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिची लागवड होती. चरबी मात्र नंतरची: सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी डुकरं आणली, तेव्हा कुठे दाणे चरबीत परतायची सोय झाली.

भारतात पिंटोच्या जागी सगळ्यात जवळचा चित्रा राजमा, फिकट बदामी अंगावर लालसर ठिपके-रेघांचा. साल पातळ, शिजल्यावर मऊसूत. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडाही त्याच घराण्यातला, त्याला भौगोलिक मानांकन आहे. हे खरिपाचं पीक, पावसाळा सरता सरता नवा माल येतो. तो मिळाला तर दुसरं काही शोधू नका. मोठा गडद लाल राजमा शेवटचा पर्याय ठेवा, कारण त्याची साल जाड असते आणि ठेचल्यावर तोंडात येते. तोच वापरायचा असेल तर मिक्सरमधून काढून मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळा. काळा राजमा मिळाला तर दक्षिणेकडच्या पद्धतीने करा, ती पुढे दिली आहे. काळे उडीद मात्र घेऊ नका. त्यांना चिकटपणा येतो आणि चव सरळ दाल मखनीकडे जाते. चवळीचीही चव वेगळी पडते.

खरेदी करताना जातीपेक्षा वय महत्त्वाचं. वर्षभर उन्हाळा-पावसाळा काढलेला राजमा कितीही शिजवा, आतून कणीदार राहतो. उष्ण आणि दमट जागी साठवलेल्या कडधान्यात असे बदल होतात की पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन नंतर पाण्यात नीट विरघळत नाही. सुरकुतलेले, साल तडकलेले, तकाकी गेलेले दाणे दिसले तर पिशवी परत ठेवा. सुट्या मालापेक्षा पॅकिंगची तारीख असलेला बरा. आणि घरात उरलेला जुना राजमा नव्यात मिसळू नका. नवा विरघळेल तोवर जुना टणकच असेल, मग कुठलीच वेळ बरोबर ठरत नाही.

भिजवणं

राजमा निवडून, खडे काढून धुवा. एक लिटर पाण्यात २ सपाट छोटे चमचे मीठ विरघळवून त्यात ८ ते १२ तास भिजत ठेवा. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज आपल्याकडे पक्का आहे, पण भिजवणाच्या पाण्यातलं मीठ उलट मदत करतं. सालीच्या पेक्टिनमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काही प्रमाणात सोडियमला जागा देतं आणि साल मऊ पडते. पुढे दाणे फुटून सालीची भेंडोळी तरंगण्याचं प्रमाणही कमी होतं. उन्हाळ्यात भांडं बाहेर ठेवलं तर पाणी आंबून फेसाळतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फ्रीजमध्ये भिजवा. सकाळी बघा: सगळे दाणे फुगून गुळगुळीत झालेले असले पाहिजेत. सुरकुत्या तशाच असलेले किंवा अजिबात न फुगलेले दाणे काढून टाका, ते शेवटपर्यंत शिजणार नाहीत.

हे पाणी टाकून द्या आणि राजमा दोनदा धुवा. मेक्सिकोत अनेक घरांत न भिजवताच दाणे चुलीवर चढवतात, तेही चालतं, फक्त वेळ जवळजवळ दुप्पट लागतो.

इथे एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं. अर्धकच्चे मूठभर दाणेसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब करवतात. खळखळत्या उकळीत ते नष्ट होतं, मंद गरम पाण्यात नाही. म्हणून परदेशात स्लो कुकर वापरणाऱ्यांनी राजमा थेट त्यात टाकू नये. आधी भिजवून, पाणी बदलून, गॅसवर किमान ३० मिनिटं खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं, तिथे ही काळजी नाही.

शिजवणं

साधा शिजवलेला राजमा हा मेक्सिकोत स्वतःच एक पदार्थ आहे, फ्रिहोलेस दे ला ओया. मातीच्या उंच मडक्यात दाणे, पाणी, कांद्याचा तुकडा, थोडी चरबी, वेळ भरत आली की मीठ आणि एपाझोते या उग्र वासाच्या मेक्सिकन पाल्याची डहाळी. तो वाटीत घेऊन नुसता खातात आणि उरलेल्याचे रेफ्रितोस करतात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं आणि उघड्या भांड्यात दाण्यांना फार वेळ लागतो, त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघरांत प्रेशर कुकर अगदी रुळलेला आहे. तेव्हा कुकर वापरला म्हणून काही बिघडत नाही.

पाच लिटरच्या कुकरमध्ये भिजवलेला राजमा, एक लिटर ताजं पाणी, अर्धा कांदा (न चिरता, मुळाकडचा भाग तसाच ठेवून म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत), लसणाच्या २ पाकळ्या आणि १ छोटा चमचा तेल घाला. तेलाने फेस कमी येतो. राजम्याचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन ते बंद करू शकतो, म्हणून कुकर कधीही निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि २० मिनिटं ठेवा. न भिजवलेल्या राजम्याला ४० ते ४५ मिनिटं. शिट्ट्या मोजू नका. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या गतीने होते, मिनिटं मात्र बऱ्यापैकी विश्वासाची असतात. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की दाब अचानक उतरतो, आतलं पाणी जोरात उकळतं, दाणे फुटतात आणि फेसाळ पाणी वर येतं.

उघड्या पातेल्यात दीड ते अडीच तास. पाणी दाण्यांच्या वर तीन-चार बोटं राहिलं पाहिजे, आणि कमी पडलं तर उकळतंच घाला.

आता परीक्षा. एक दाणा खाऊन समाधान मानू नका, वेगवेगळ्या जागचे पाच घ्या. प्रत्येक दाणा जीभ आणि टाळू यांमध्ये दाबून, दातांचा काहीही आधार न घेता, लोण्यासारखा पसरला पाहिजे. पाचातला एक जरी आत पिठूळ किंवा कणीदार लागला तर झाकण लावून आणखी ८-१० मिनिटं. उसळीसाठी राजमा जिथे आपण थांबवतो त्याच्या पुढे इथे जायचं आहे, थोडे दाणे फुटलेले असले तर चांगलंच. कढईत गेल्यावर दाणा जवळजवळ शिजत नाही, तो फक्त आटतो. कच्चेपणा तिथे सुधारेल या भरवशावर राहिलेले रेफ्रितोस वाळूसारखे लागतात.

मऊ झाल्यावर १ सपाट छोटा चमचा मीठ घालून झाकण न लावता १० मिनिटं उकळवा, म्हणजे मीठ दाण्याच्या आतपर्यंत जातं. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर असलं काहीही दाणे मऊ होईपर्यंत घालायचं नाही. आम्लामुळे पेक्टिन घट्ट राहतं आणि दाणे तासन्‌तास टणक राहतात. बोअरचं किंवा खूप जड पाणी असेल तरी असंच होतं. तिथे कुकर लावताना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त नको, चव साबणासारखी होते.

एपाझोतेची थोडी उग्र, रॉकेलच्या जवळ जाणाऱ्या वासाची पानं मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत, मुख्यतः काळ्या राजम्यात टाकतात. अमेरिकेत मेक्सिकन दुकानांत ताजी किंवा वाळलेली मिळतात: ताजी असेल तर एक डहाळी, वाळलेली असेल तर एक छोटा चमचा, शेवटच्या १५ मिनिटांत. भारतात मिळाली नाहीत तर वगळा. ओवा किंवा कोथिंबीर त्यांची जागा घेत नाही. हिंगाचाही मोह होईल, पण हिंग पडला की आमटीचा वास येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

कट टाकू नका

राजमा चाळणीत उपसा, खाली भांडं ठेवून. जो दाट, तपकिरी कट निथळेल त्यात दाण्यांचा स्टार्च, मीठ, कांदा-लसणाचा अर्क सगळं आहे. रेफ्रितोस याच कटाने सैल करायचे असतात, साध्या पाण्याने नाही. किमान दीड ते दोन कप कट बाजूला हवा. कमी निघाला तर राजम्यात थोडं उकळतं पाणी घालून पाच मिनिटं उकळवा आणि पुन्हा निथळा. कुकरमधला कांदा आता लगदा झालेला असतो, तो काढून टाका. लसूण राहू द्या, तो दाण्यांबरोबर ठेचला जाईल.

वेळ असेल तर राजमा कटासकट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कढई चढवा. मुरलेल्या राजम्याचे रेफ्रितोस जास्त चवदार होतात, आणि कटही दाट होतो.

चरबी की तेल

परंपरेने डुकराची चरबी, मान्तेका. तिच्यामुळे जो भाजकट, मांसल वास येतो तो दुसऱ्या कशानेच येत नाही, हे शाकाहारी पद्धत शिकवतानाही मान्य करावं लागतं. अमेरिकेत शेल्फवर मिळणाऱ्या हायड्रोजनेटेड चरबीला मात्र फारसा वास नसतो. मेक्सिकन खाटकाकडे किंवा कार्नितास (चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस) करणाऱ्यांकडे मिळणारी तपकिरी झाक असलेली चरबी खरी. बेकन परतल्यावर उरलेली चरबीही चालते, फक्त तिच्यात मीठ आणि धुराचा वास असतो, तेव्हा मीठ जपून.

शाकाहारी करायचे तर रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई तेल घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल स्वतःचाच वास पुढे करतं. तूप चालतं, पण चव ओळखीची आणि गोडसर होते. तेलाला स्वतःची चव नसते, ती भर कांद्याने काढायची: तेल वापरताना कांदा पुढे दिलेल्या वेळेपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त, चांगला तांबूस-तपकिरी होईपर्यंत परता. माप दोन्हीला सारखंच, ४ मोठे चमचे. दोन चमच्यांत भागवलं तर जे होतं ते ठेचलेला राजमा, रेफ्रितोस नाही. स्टार्च आणि कट यांच्यात चरबी एकजीव होऊन जो गुळगुळीतपणा येतो त्याला तेवढी चरबी लागतेच.

बाहेर खाणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी: मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मेक्सिकन हॉटेलांत रेफ्रितोस चरबीत केलेले असतात, आणि डोळ्यांना काही कळत नाही. ‘लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?’ एवढं विचारा, म्हणजे यात डुकराची चरबी आहे का. डब्यावर ‘ट्रॅडिशनल’ लिहिलेलं असेल तर घटकांची यादी वाचा, तिथेही बहुधा ती असते. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेला डबा वेगळा मिळतो.

कढईवर

जाड बुडाची, रुंद कढई किंवा बिडाचं खोलगट पॅन, २५ ते २८ सेंटीमीटरचं. पातळ ॲल्युमिनियमला तळाशी लागतं आणि तो वास सगळ्यात पसरतो. ठेचायला पावभाजीचा मॅशर अगदी योग्य. मेक्सिकोतही त्यासाठी लाकडी दट्ट्या किंवा असाच जाळीचा मॅशर वापरतात.

मध्यम आचेवर चरबी तापवा. सुक्या मिरच्या अख्ख्या टाका, १५-२० सेकंदांत फुगून गडद झाल्या की लगेच काढा, काळ्या पडल्या तर कडू होतात. मेक्सिकोत इथे बारीक, तिखट चिले दे आर्बोल असते. तिच्या जागी लवंगी किंवा गुंटूर चालेल. ब्याडगी रंग देईल, तिखटपणा नाही. आता एक कांदा अगदी बारीक चिरून घाला आणि कडा सोनेरी-तपकिरी होईपर्यंत ८ ते १० मिनिटं परता. उरलेली लसणाची पाकळी चिरून अर्धं मिनिट. काही घरांत कांदा चिरत नाहीत, जाड काप चरबीत तपकिरी करून काढून टाकतात. मुलांना कांदा लागत नसेल तर ही युक्ती सोयीची.

राजमा एकदम ओतू नका. एक कप दाणे आणि पाव कप कट घाला, आच थोडी वाढवा आणि मॅशरने दाबत राहा. चरबी दिसेनाशी झाली, लगदा एकजीव झाला की पुढचा कप. असं तीन हप्त्यांत सगळा राजमा जातो. एकदम घातला तर वरचा थर थंड, खालचा चिकटलेला आणि चरबी बाजूने तरंगणारी, असा गोंधळ होतो. प्रत्येक हप्त्याला चरबी आणि स्टार्च एकमेकांत मुरायला मिनिट-दोन मिनिटं मिळाली पाहिजेत.

सगळं ठेचून झालं की आच मध्यम-मंद करा, आणखी अर्धा कप कट घालून उलथन्याने तळ खरवडत १० ते १५ मिनिटं आटवा. पिठल्यासारखे मोठे बुडबुडे फुटून गरम शिंतोडे उडतील, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या आणि चेहरा लांब ठेवा. आधी तळाशी पातळसर थर धरेल, तो खरवडून आत मिसळायचा, चवीचा मोठा भाग तिथेच आहे. काळा थर मात्र खरवडू नका. लागल्याचा वास आला तर न ढवळता वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

कुठे थांबायचं? कालथ्याने मधोमध रेघ ओढा. तळ दिसला आणि दोन-तीन सेकंदांनी लगदा सावकाश मिटला की झालं. टोस्तादावर (टॉर्टिया ही मेक्सिकन पोळी, ती तळून कुरकुरीत केली की टोस्तादा) किंवा ताटात वाढायला हे योग्य. बुरितोत किंवा पोळीत गुंडाळायचे असतील तर आणखी आटवा, रेघ तशीच राहिली पाहिजे. थंड होताना स्टार्च घट्ट होतो आणि दहा मिनिटांत पोत एक पायरी पुढे जातो, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित सैल असतानाच गॅस बंद करा.

किती ठेचायचं हा आवडीचा भाग. निम्मे दाणे जरा अख्खे ठेवले तर खाताना मजा येते. एकदम गुळगुळीत हवे असतील तर दाणे आणि कट मिक्सरमधून सैलसर काढून मग चरबीत ओता आणि आटवा. घट्ट, कोरडा राजमा मिक्सरमध्ये फार वेळ फिरवू नका, स्टार्च बाहेर येऊन तो खळीसारखा चिकट होतो.

आणखी एक कृती मेक्सिकोत आवडीने करतात: कट न घालता परतत राहायचं, कडा सुटू लागल्या की पॅन हलवून सगळा गोळा उलटून लांबट गुंडाळी करायची. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. दीड-दोन मोठे चमचे जास्त चरबी लागते.

मीठ आणि मसाले

मीठ शेवटीच पक्कं करा, कारण आटताना ते घट्ट होत जातं. एकूण दीड छोट्या चमच्याच्या आसपास बसतं. चव घेऊन काहीतरी कमी आहे असं वाटलं तर दहापैकी आठ वेळा ते मीठच असतं, जिरं नव्हे. जिरं आणि मिरचीपूड ही टेक्सास आणि आसपासची सवय. मेक्सिकोच्या आतल्या भागात रेफ्रितोसमध्ये जिरं सहसा नसतं. आवडत असेल तर पाव छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, पण पहिल्यांदा करताना मिसळणाचा डबा बंदच ठेवावा असं आमचं मत. हळद, मोहरी, गरम मसाला पडला की चांगला पदार्थ होईलही, फक्त तो हा नसेल.

बिघडलं तर

तेल बाजूने सुटून तवंग आला असेल तर लगदा जास्त आटलाय. पाव-पाव कप गरम कट घालून जोरात ढवळा, पुन्हा एकजीव होतो. कोरडे, भेगा पडलेले झाले असतील तेव्हाही हाच उपाय. सैल राहिले तर आच वाढवून आटवा. पीठ किंवा कॉर्नफ्लोअर लावायची गरज पडत नाही. खारट झाले तर बिनमिठाचा थोडा शिजलेला राजमा ठेचून मिसळा, बटाट्याच्या फोडीने फारसा फरक पडत नाही. कणीदार लागले तर कढईत सुधारणार नाहीत. सगळं कपभर पाण्यासकट पुन्हा कुकरच्या डब्यात घालून १५ मिनिटं वाफवा आणि मग आटवा. थेट कुकरमध्ये घातलं तर तळाला लागतं.

घाईच्या दिवशी डबाबंद पिंटो चालतो. ४२५ ग्रॅमच्या डब्यात निथळल्यावर साधारण दीड कप दाणे निघतात, दोन डबे म्हणजे वरच्या मापाला पुरतील. डब्यातलं पाणी खारट असतं, तेव्हा एकाचं ठेवा, दुसऱ्याचं टाकून द्या. कुकरचा टप्पा गळाल्यामुळे चव जी कमी पडते ती कांदा जास्त तांबूस करून थोडी भरून निघते.

काळ्या राजम्याची आणि इतर तऱ्हा

युकातानमध्ये काळा राजमा कांदा-एपाझोतेबरोबर शिजवून, वाटून, चाळणीतून गाळतात आणि चरबीत आटवतात. त्यांना फ्रिहोलेस कोलादोस म्हणतात. साली निघून गेल्याने मलईसारखे होतात. हेच पानुचो या तळलेल्या टॉर्टियाच्या पोटात भरतात. ओआहाकात काळ्या राजम्यात ॲव्होकाडोचं भाजलेलं पान पडतं, त्याला बडीशेपेसारखा वास असतो. हा वास मेक्सिकन जातीच्या झाडाच्या पानांनाच असतो. आपल्या परसातल्या ॲव्होकाडोची पानं त्यासाठी वापरू नका, काही जातींच्या पानांत विषारी घटक असतो.

उत्तरेकडच्या सोनोरा राज्यात फ्रिहोलेस मानेआदोस करतात, दूध, चीज आणि सुक्या लाल मिरचीची पेस्ट घातलेले. तिथे मिरची रंगाची, सौम्य, त्यामुळे ब्याडगी भिजवून वाटलेली चांगली बसते. सिनालोआ राज्याचे फ्रिहोलेस पुएर्कोस नावाप्रमाणेच डुकराचे: चोरिसो सॉसेज, चीज, लोणच्याच्या हालापेन्यो मिरच्या, आणि भरपूर चरबी.

वाढणं आणि साठवणं

वाढताना वर खारट, चुरचुरीत चीज आणि दोन-चार तळलेले टॉर्टियाचे त्रिकोण खोचतात. केसो फ्रेस्को या ताज्या मेक्सिकन चीजच्या जवळ जायला ताजं पनीर चुरून त्याला चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब लावा. गव्हाच्या टॉर्टियाऐवजी पोळी निभावते. मक्याचा टॉर्टिया चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा असतो, म्हणून मक्याच्या साध्या भाकरीला तो वास येत नाही, पण खायला वाईट लागत नाही. मोयेते हा मेक्सिकोतला नाश्त्याचा प्रकार लादी पावावर चांगला जमतो: पाव उभा कापून तव्यावर कोरडा कडक भाजा, रेफ्रितोसचा जाड थर, वर चीज, झाकण ठेवून वितळवा आणि टोमॅटो-कांदा-मिरची-कोथिंबिरीची कच्ची कोशिंबीर घाला. लादी पाव मऊ असतो, भाजताना कंटाळा केला तर खाली ओला होऊन फाटतो.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, उथळ डब्यात, म्हणजे लवकर गार होतात. तीन-चार दिवस टिकतात, फ्रीजरमध्ये तीन महिने. गोठवायचे असतील तर किंचित सैल ठेवा आणि उरलेला कटही सोबत गोठवा. गरम करताना नुसते आचेवर ठेवले तर तळाला लागतात. पाव कप कट किंवा पाणी आधी कढईत उकळवा, मग त्यात रेफ्रितोस फोडून घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उरलेल्याला कटाने डोशाच्या पिठाइतकं पातळ करून, गरम टॉर्टिया त्यात बुडवून, घडी घालून वर कांदा आणि चीज टाकलं की एनफ्रिहोलादास होतात. टॉर्टिया आधी तेलात दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद परतून घ्या, नाहीतर बुडवताच तुटतो.